डोळा लाल नाही, दुखत नाही, मग आत दाह कसला?

(वाचकांचे प्रश्न, नेत्रपटलतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरं)

या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयाभोवती फिरताहेत: डोळ्यात नको त्या जागी उगवणाऱ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यामागचा दाह. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं काढली आहेत. पत्रातला रिपोर्ट वाचून मी औषध सांगत नाही, तेव्हा ‘हे इंजेक्शन घेऊ की ते’ याचं उत्तर इथे शोधू नका.

प्रश्न: माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. उजव्या डोळ्याला सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या म्हणून दाखवलं, तर ‘वेट एएमडी’ निघालं, म्हणजे उतारवयात डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी होणाऱ्या आजाराचा ओला, झिरपणारा प्रकार. पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात, त्यातून पाणी झिरपतंय आणि मुळाशी जुना दाह आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण बाबांचा डोळा ना कधी लाल झाला, ना दुखला. आणि दाहच असेल तर तो कमी करणारी गोळी द्यायची सोडून दर महिन्याला डोळ्यात सुई कशाला, असं ते विचारतात. ते इंजेक्शन टाळायला निमित्त शोधताहेत हे मला कळतं, पण प्रश्न मलाही पडलाय.

उत्तर: निमित्त असेल, पण प्रश्न चांगला आहे. माझ्याकडे येणारे डॉक्टरकीचे विद्यार्थीसुद्धा हा प्रश्न क्वचितच विचारतात.

आधी लालीचं. डोळा लाल होतो तो पुढच्या बाजूनं. तिथल्या पातळ आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्या की आरशात दिसतात. पुढच्या पारदर्शक पटलात वेदनेच्या नसाही इतक्या दाट असतात की पापणीचा एक केस आत वळला तरी माणूस हैराण होतो. पडद्याला मात्र दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. तिथे काहीही बिघडो, तक्रार एकच येते, दिसण्याची. शिवाय बाबांच्या डोळ्यातला दाह गळवासारखा चार दिवसांत भडकणारा नाही. तो कितीतरी वर्षं मंद चाललेला असतो.

पडद्याच्या मागे एका पेशीच्या जाडीचा एक रंगीत थर असतो. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपली टोकं रोज थोडी थोडी टाकून देतात आणि नवी करतात. सुमारे दहा दिवसांत टोक पूर्ण नवं होतं. टाकलेला भाग गिळून पचवायचं काम या रंगीत थराचं, तेही जन्मभर, एक दिवस सुट्टी न घेता. साठी-सत्तरीत हे पचवणं मागे पडतं आणि उरलेला माल थराखाली साचत जातो. पडद्याच्या फोटोत पिवळसर ठिपके दिसतात ते हेच. त्यांना ड्रुसेन म्हणतात. बाबांच्या फाइलमध्ये हे नाव नक्की सापडेल.

आता दाह कुठून आला ते पाहा. हे ठिपके तपासले तर त्यात रोगप्रतिकारशक्तीची प्रथिनं सापडतात, विशेषतः कॉम्प्लिमेंट नावाच्या यंत्रणेची. जंतूंना मारण्यासाठी असलेली ही यंत्रणा इथे साचलेल्या मालावर चालून गेलेली असते. २००५ साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी या आजारासाठी एकाच जनुकाकडे बोट दाखवलं, कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच. त्याचं काम ही यंत्रणा आवरून धरण्याचं. ज्यांच्यात ते आवरणं कमी पडतं त्यांना आजाराचा धोका बराच वाढतो. तोवर आमच्यातले बरेच जण ‘वयाची झीज’ एवढं बोलून मोकळे होत असत.

साचलेला माल उपसायला रक्तातून भक्षक पेशी येतात. येतात त्या सफाईला, पण दुरुस्तीचं सामानही घेऊन येतात: आजूबाजूची ऊती पोखरणारी विकरं, आणखी पेशींना बोलावणारे संदेश आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. नवी रक्तवाहिनी उगवायला लावणं हे व्हीईजीएफचं काम. हातापायाची जखम भरताना आपल्याला हेच हवं असतं. इथे मात्र पडद्यामागच्या, रक्तानं गच्च भरलेल्या कोरॉइड थरातून एक फुटवा निघतो, मधलं पातळ आवरण भेदतो आणि पडद्याखाली पसरतो. गळती काढायला बोलावलेल्या प्लंबरनं भिंत फोडून नवाच पाइप टाकावा आणि तोही गळका निघावा, तसं हे काम. नव्या वाहिनीच्या भिंतीला आधार देणाऱ्या पेशी पुरेशा नसतात, म्हणून ती झिरपते, कधी फुटते. आणि व्हीईजीएफ स्वतःच आणखी भक्षक पेशींना ओढून आणतं. पेशी आल्या की व्हीईजीएफ वाढतं, ते वाढलं की आणखी पेशी येतात. उंदरांमध्ये या पेशी आधी औषधानं कमी केल्या आणि मग लेझरनं पडद्यामागे जखम केली, तर नव्या वाहिन्या कमी उगवतात. २००३ मध्येच हे दाखवलं गेलं होतं.

मग दाहाचं औषध का नाही? कारण ते देऊन पाहिलंय. दाहावर आमच्याकडचं सर्वांत जोरदार औषध म्हणजे स्टिरॉइड. गोळीचं सोडाच, ते थेट डोळ्यात टोचूनही या आजारात नजर वाचली नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ट्रायअम्सिनोलोन या स्टिरॉइडचं एक इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही गटांत नजर मोठ्या प्रमाणात जाण्याचं प्रमाण वर्षाअखेरीला सारखंच होतं. ठिणगी दाहाची असली तरी एकदा वाहिनी उगवली की तिला जगवतं ते व्हीईजीएफ. दाह, प्राणवायूची टंचाई, अशा निरनिराळ्या वाटा तिथे येऊन मिळतात, म्हणून अडवायची जागा ती.

ही जागा सापडायला बराच काळ गेला. प्राणवायू न मिळालेला पडदा रक्तवाहिन्या उगवायला लावणारा काहीतरी पदार्थ सोडत असावा, हा अंदाज मायकेलसन या नेत्रतज्ज्ञानं १९४८ मध्ये मांडला. १९८३ मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्यांना रक्तवाहिन्या झिरपायला लावणारं एक प्रथिन मिळालं. १९८९ मध्ये फेरारा या संशोधकाच्या गटानं व्हीईजीएफ वेगळं काढून त्याचं जनुक वाचलं, तेव्हा ते प्रथिन आणि हे एकच असल्याचं कळलं. व्हीईजीएफला अडवणारं, डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन वापरात आलं ते २००६ मध्ये. त्याच्या मोठ्या चाचणीत दर महिन्याला इंजेक्शन घेतलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९५ जणांची नजर वर्षभरात तक्त्यावरच्या तीन ओळींपेक्षा कमी घसरली. नुसतं टोचल्यासारखं करून औषध न दिलेल्यांत हा आकडा ६२ होता. औषध घेतलेल्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा लोकांना उलट तीन ओळी जास्त वाचता येऊ लागल्या.

बाबांना हे आकडे पुरेसे वाटले नाहीत तर माझ्या शिकण्याच्या काळातली गोष्ट सांगा. तेव्हा या आजारावर आमच्याकडे होता जाळणारा लेझर. वाहिनी जळायची आणि तिच्यावरचा पडदाही जळायचा. वाहिनी अगदी मधोमध असेल तर पेशंटला आधी सांगावं लागे, की आज उठून जाल तेव्हा आत्तापेक्षा कमी दिसेल, पण आणखी बिघडायचं थांबेल. आज सुईची भीती घेऊन येणाऱ्यांवर मी चिडत नाही, ते यामुळेच.

इंजेक्शन पुन्हा पुन्हा लागतं, कारण औषध काही आठवड्यांत डोळ्यातून निघून जातं आणि व्हीईजीएफ बनवणारी प्रक्रिया तिथेच असते. सुरुवातीला महिन्याला एक, मग ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, पडदा कोरडा दिसला की अंतर हळूहळू वाढवायचं, अशी साधारण पद्धत आहे. मधल्या फेऱ्या चुकल्या की पाणी परत साचतं, आणि असं वारंवार झालं की वाहिनीच्या जागी वण तयार होतो. त्या वणावर आज तरी कुठलंही इंजेक्शन चालत नाही.

बाबांच्या हातात दोनच गोष्टी आहेत, पण दोन्ही मोठ्या. बिडी-सिगारेट ओढत असतील तर ती आजच बंद. वय आणि जनुकं बदलता येत नाहीत, धूम्रपान येतं, आणि या आजारात त्याचा वाटा पक्का सिद्ध झालेला आहे. दुसरी गोष्ट डाव्या डोळ्याची. चौकटींचा तो कागद, ॲम्सलर ग्रिड, डॉक्टरांकडून मागून घ्या आणि वाचायचा चष्मा लावून, उजवा डोळा झाकून, रोज एकदा बघायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकतो. कोपऱ्यात जरी रेघ वाकली तरी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

प्रश्न: मी जीवशास्त्र शिकवत असे. एक शंका. कॉम्प्लिमेंटमुळे दाह आणि दाहामुळे रक्तवाहिन्या, असा क्रम असेल तर कॉम्प्लिमेंट बंद केलं की रक्तवाहिन्या उगवणं थांबायला हवं. अशी औषधं आल्याचं वाचलं. मग अजून इंजेक्शनं का चालू आहेत?

उत्तर: सर, तर्क निर्दोष आहे आणि डोळ्यानं तो मानलेला नाही.

औषधं आली आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत दोन मंजूर झाली: पेगसेटाकोप्लान, जे सी-३ हे प्रथिन अडवतं, आणि अव्हासिनकॅप्टॅड, जे सी-५ अडवतं. पण ती ‘वेट’ प्रकारासाठी नाहीत. ‘ड्राय’ प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यात पडद्याला विरळ डाग पडून ते पसरत जातात, ते पसरणं या औषधांनी मंदावतं. थांबत नाही, गेलेली नजर परतही येत नाही. आणि याच चाचण्यांमध्ये उलटी गोष्ट दिसली. पेगसेटाकोप्लान दर महिन्याला घेतलेल्यांपैकी दोन वर्षांत १०० मागे सुमारे १२ जणांना नव्यानं ‘वेट’ आजार झाला. औषध न दिलेल्या गटात हे प्रमाण ३ च्या आसपास होतं. म्हणजे दाहाचा एक भाग दाबल्यावर रक्तवाहिन्या वाढल्या.

याच्या कारणांवर तज्ज्ञांत वाद आहेत. मला स्वतःला त्यातला एक मुद्दा पटतो, की भक्षक पेशी एकाच स्वभावाच्या नसतात. काही वाहिन्यांना खतपाणी घालतात, काही नको असलेल्या वाहिन्या मोडून टाकतात, आणि वय वाढेल तसा त्यांचा कल बदलतो हे उंदरांत दिसलेलं आहे. दाह म्हणजे एक बटण आहे आणि ते बंद केलं की काम झालं, हे चित्र वर्गात फळ्यावर सोपं वाटतं. डोळ्यात कुठला दाह, कुठल्या थरात, कुठल्या वेळी, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रश्न: मी २१ वर्षांची आहे. चार-पाच वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, कधीकधी लेन्स घालूनच झोपते. आरशात नीट पाहिलं तर पांढऱ्या भागातल्या लाल रेघा काळ्या भागाच्या कडेवर चढल्यासारख्या वाटतात. दादाकडे डोळ्यात घालायचे स्टिरॉइडचे थेंब उरले होते. ते घातले की लाली जाते, बंद केले की परत येते. हे थेंब चालू ठेवले तर चालतील का?

उत्तर: नाही. तुला एकेरीत लिहितेय, रागावू नकोस. माझी भाची तुझ्याच वयाची आहे आणि तिलाही मी असंच बोलते.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, पारदर्शक राहतो कारण त्यात रक्तवाहिन्या नसतात. कडेला इतक्या वाहिन्या असून आत एकही शिरत नाही, कारण कॉर्निया व्हीईजीएफला पकडून निकामी करणारं एक प्रथिन सतत तयार ठेवतो. हे २००६ मध्ये कळलं, आणि पुरावा मोठा गमतीदार होता. मॅनाटी नावाचा एक अवजड पाणप्राणी आहे, काही लोक त्याला समुद्रगाय म्हणतात. त्याच्या कॉर्नियात रक्तवाहिन्या असतात, आणि हे प्रथिन त्यात सापडत नाही.

लेन्स घालून झोपलीस की कॉर्नियाचं दोन बाजूंनी नुकसान होतं. कॉर्नियाला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी, म्हणजे तो जवळजवळ बंद. त्यात लेन्सवर साचलेली घाण आणि जंतू कॉर्नियाला डिवचत राहतात. नुसती प्राणवायूची टंचाई असेल तर वाहिन्या बहुधा कडेलाच थोड्या सरकून थांबतात. दाह भडकला, व्रण झाला, तर त्या खोल आणि भराभर आत घुसतात. एकदा पडलेली वाट मिटत नाही. रक्त वाहायचं थांबलं तरी रिकामी नळी तशीच राहते आणि पुढच्या दाहात काही दिवसांत पुन्हा भरते. उद्या कधी कॉर्निया बदलायची वेळ आली तर याच वाहिन्या आणि त्यांच्याबरोबर उगवलेल्या लसिकावाहिन्या नव्या कॉर्नियाची खबर शरीराच्या प्रतिकारशक्तीपर्यंत पोचवतात, आणि तो नाकारला जाण्याचा धोका वाढतो.

स्टिरॉइडनं लाली जाते हे खरं. या वाहिन्यांवर आम्हीही स्टिरॉइड देतो. पण आधी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर बघतो, की खाली बुरशीचा व्रण, नागिणीच्या जातीतला हर्पिस किंवा लेन्सवाल्यांना होणारा अकँथअमीबा तर नाही ना. यातलं काही असताना स्टिरॉइड घातलं तर लाली कमी होते आणि आत कॉर्निया पोखरत जातो. पेशंट बरं वाटतंय म्हणून आठवडाभर उशिरा येतो. शिवाय महिनोन्‌महिने थेंब घातले की डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, आणि तो दुखत नाही.

लेन्स आज काढ, चष्मा लाव. थेंबांची बाटली आणि लेन्सची डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. थेंब किती दिवस घातलेस ते लपवू नकोस, कारण दाब मोजायचा की नाही हे त्यावर ठरतं. आणि दुखायला लागलं, उजेड सोसेना किंवा पांढरा ठिपका दिसला तर अपॉइंटमेंट बघत बसू नकोस, त्याच दिवशी जा.

प्रश्न: वय ५६, मधुमेह १८ वर्षं. आता एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.९ आहे. तरी पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्यात म्हणून लेझर सांगितलाय. साखर ताब्यात आली असताना हे का झालं? मधुमेहात पडद्याला दाह होतो असं ऐकलं. मी हृदयासाठी ॲस्पिरिन घेतो. त्याचा डोळ्याला फायदा होतो, की त्यानं रक्तस्राव वाढेल?

उत्तर: साखर आता ताब्यात आहे याचं अभिनंदन. पण पडदा मागच्या वर्षांचा हिशेब आज मांडतो. जास्त साखरेच्या काळात पांढऱ्या पेशी पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटू लागतात, कारण दाहामुळे ती भिंत चिकट करणारी प्रथिनं वाढलेली असतात. भिंतीला सांभाळणाऱ्या पेशी मरतात, वाहिन्या बुजतात आणि तेवढा पडदा प्राणवायूविना राहतो. तो उपाशी भाग व्हीईजीएफ सोडत राहतो. १९९४ मध्ये असे डोळे तपासले तेव्हा आतल्या द्रवात ते भरपूर सापडलं. बुजलेल्या वाहिन्या साखर सुधारली म्हणून उघडत नाहीत. साखर झपाट्यानं उतरवली तर सुरुवातीचे काही महिने पडदा थोडा बिघडूही शकतो. म्हणून साखर वाढवायची नाही. चांगल्या साखरेचा फायदा पुढे कितीतरी वर्षं मिळत राहतो.

ॲस्पिरिनची गोष्ट जुनी आहे. संधिवातासाठी त्या जातीची औषधं घेणाऱ्या मधुमेहींत पडद्याचा आजार कमी दिसतो, असं निरीक्षण १९६४ मध्ये दोघा डॉक्टरांनी छापलं. दाहाचा संशय तेव्हापासूनचा. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन पाहिलं. पडद्याचा आजार कमी झाला नाही, आणि डोळ्यात रक्तस्रावही वाढला नाही. म्हणून तुमचं उत्तर सोपं आहे: हृदयासाठी दिलेली गोळी चालू ठेवा, डोळ्याच्या भीतीनं बंद करू नका. तिनं डोळा वाचेल अशी आशाही ठेवू नका.

गंमत बघा, पहिल्या पत्रातल्या बाबांच्या डोळ्यात स्टिरॉइडनं नजर वाचली नाही. मधुमेहात मात्र पडद्याच्या मध्यावर सूज असेल तर डोळ्यात ठेवलेला स्टिरॉइडचा बारीक तुकडा काही महिने चांगलं काम करतो. तिथे दाहाचा वाटा मोठा असतो, विशेषतः सूज जुनी असली तर. किंमत मोजावी लागते ती मोतीबिंदूची आणि वाढलेल्या दाबाची.

तुम्हाला लेझर सांगितलाय तो कडेच्या उपाशी पडद्यासाठी. तो भाग जाळला की प्राणवायूची मागणी आणि व्हीईजीएफ दोन्ही घटतं, आणि नव्या वाहिन्या सुकतात. यानं नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, हे १९७६ मध्येच सिद्ध झालं. बाजूचं आणि अंधारातलं दिसणं थोडं कमी होतं. रात्री गाडी चालवत असाल तर हे आधी विचारून घ्या. लेझरऐवजी इंजेक्शननंही हे साधतं, पण फक्त न चुकता येणाऱ्याला. इंजेक्शनं घेत असताना मधेच काही महिने गायब झालेल्या पेशंटचे डोळे मी पाहिले आहेत. कामाच्या फिरतीमुळे तारखा पाळता येत नाहीत असं जो आधीच सांगतो, त्याला मी लेझरच करते.

प्रश्न: वय ३१, मायनस ७ चा नंबर. डाव्या डोळ्यात ‘पीआयसी’ नावाचा दाह आणि त्यातून पडद्याखाली रक्तवाहिनी आली आहे. इंजेक्शन दिलं आणि वर स्टिरॉइडच्या गोळ्याही लिहून दिल्या. इंजेक्शननं फरक पडला. मग गोळ्यांनी वजन वाढवून का घ्यायचं? पुढच्या वर्षी बाळाचा विचारही आहे.

उत्तर: तुमच्या बाबतीत दाहाची गोळी खरंच कामाची आहे, म्हणून हे पत्र मुद्दाम घेतलं.

पीआयसी बहुतेक वेळा तरुण, मायनस नंबर असलेल्या स्त्रियांना होतो. पडद्यामागच्या थरात दाहाचे छोटे ठिपके उठतात, आणि त्या प्रत्येक ठिपक्याच्या वणातून रक्तवाहिनी वर येऊ शकते. इंजेक्शन आलेल्या वाहिनीला सुकवतं. उठू घातलेल्या ठिपक्यांवर ते काही करत नाही. दाह चालू राहिला तर आज इथली वाहिनी सुकेल आणि उद्या तिथे दुसरी येईल, कदाचित दुसऱ्या डोळ्यात. म्हणून दोन औषधं. यातली चांगली बाजू म्हणजे म्हातारपणीच्या आजारापेक्षा इथे सहसा कमी इंजेक्शनं पुरतात.

गोळ्या सुरू करण्यापूर्वी टीबी, सिफिलिस आणि टॉक्सोप्लाझ्मासाठी तपासण्या झाल्या का, ते विचारा. जंतूंमुळे झालेल्या दाहात नुसतं स्टिरॉइड दिलं तर घात होतो. गोळ्या एकदम बंद करू नका. डॉक्टर सांगतील तशाच उतरवा. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं तोवर मंदावलेलं असतं. वजनाची भीती रास्त आहे, पण ती थोड्या आठवड्यांच्या कोर्सपेक्षा महिनोन्‌महिने चालणाऱ्या डोसमध्ये जास्त खरी ठरते. दाह पुन्हा पुन्हा येत असेल तर स्टिरॉइडच्या जागी दुसरी औषधं आणतात.

आणि इथेच बाळाचा मुद्दा येतो. त्यातली मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट ही गर्भाला घातक आहेत. ती बंद करून ठरावीक काळ गेल्यावरच दिवस राहायला हवेत. व्हीईजीएफ अडवणारी इंजेक्शनंही गरोदरपणात शक्यतो टाळतात, कारण गर्भाच्या वाढीला व्हीईजीएफ लागतं. तेव्हा ‘पुढच्या वर्षी’ हे मनात ठेवू नका, येत्या भेटीतच सांगा. आधी दाह शांत करून मग दिवस राहणं, हा क्रम ठरवून जमवता येतो. दिवस राहिल्यानंतर पळापळ करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

प्रश्न: दाह कमी करणाऱ्या ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेतल्या तर वेट एएमडी टळतो का?

उत्तर: त्यासाठी घेऊ नका. २०१३ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत ओमेगा-३ नं काही वाढीव फायदा दिसला नाही. ठरावीक प्रमाणातली जीवनसत्त्वं सी आणि ई, जस्त, तांबं, ल्युटिन आणि झियाझँथिन यांची गोळी मध्यम टप्प्यातल्या लोकांना उपयोगी पडते, तिनं आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका साधारण चौथा हिस्सा कमी होतो. पडद्यावर ठिपकेच नाहीत अशा माणसानं ती घेऊन काही मिळत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढलेल्यांनी बीटा कॅरोटीन असलेली जुनी गोळी टाळावी. त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आहे.

प्रश्न: आईला डोळ्यात इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग दिसतो. एकदा डॉक्टरांनी औषध बदललं आणि सांगितलं की याच्यामुळे आत दाह होऊ शकतो. ज्या दाहावर उपचार चाललाय तोच औषधानं होणार? कधी घाबरायचं?

उत्तर: लालभडक, कडा स्पष्ट असलेला, न दुखणारा डाग म्हणजे सुईच्या जागी वरच्या आवरणाखाली साकळलेलं रक्त. दिसायला भयंकर, पण एक-दोन आठवड्यांत आपोआप जातं.

औषधामुळे होणारा दाह ही वेगळी गोष्ट. डोळ्यात गेलेलं हे औषध म्हणजे प्रथिन, आणि क्वचित एखाद्याचं शरीर त्याला परकं मानतं. ब्रोलुसिझुमॅब हे औषध २०१९ मध्ये आलं, आणि काही महिन्यांतच, २०२० च्या सुरुवातीला, त्यानंतर पडद्याच्या चांगल्या रक्तवाहिन्यांनाच दाह होऊन त्या बंद पडल्याच्या घटना नोंदवल्या गेल्या. अशा पेशंटची संख्या थोडी होती, पण ज्यांची नजर गेली त्यांची गेलीच. औषध बदलताना तुमच्या डॉक्टरांनी आधी सावध केलं, हे त्यांनी चांगलं केलं.

जंतुसंसर्ग त्याहून तातडीचा. तो हजार इंजेक्शनांमागे एकालाही होत नाही, पण झाला तर तास मोजावे लागतात. तो बहुधा पहिल्या आठवड्यातच होतो. औषधाचा दाह मात्र काही आठवड्यांनीही येऊ शकतो.

म्हणून डागाकडे बघू नका, आईला विचारा. कालच्यापेक्षा कमी दिसतंय का? उजेडाचा त्रास होतोय का? दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय का? काळे ठिपके एकदम खूप वाढलेत का? यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर रात्र असली तरी फोन करा, आणि फोन लागला नाही तर जिथे पडद्याचे डॉक्टर आहेत अशा रुग्णालयात थेट घेऊन जा. घरातले जुने थेंब घालून सकाळची वाट बघू नका. जाताना कुठलं इंजेक्शन कुठल्या तारखेला दिलं तो कागद बरोबर असू द्या. रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरला सगळ्यात आधी तोच लागतो.